प्रति: ठिसूळ सिरॅमिक चिलखतात कशाला?

पटकन फुटणारं सिरॅमिक लष्करी वाहनाच्या चिलखतात काय कामाचं, असं वर विचारलंय. चिलखतभेदी गोळीचा गाभा कठीण पोलादाचा किंवा टंगस्टन कार्बाइडचा असतो. सिरॅमिकची फरशी इतकी कठीण असते की टक्कर होताच गाभ्याचं टोक चुरडतं, कधी अख्ख्या गाभ्याचे तुकडे होतात. फरशीही फुटते, पण मागचा ॲरामिडचा (केव्हलारसारख्या मजबूत धाग्याचा) किंवा पॉलिथिलीनचा थर ते तुकडे आणि उरलेला वेग झेलतो. हा थर नसेल तर नुसत्या सिरॅमिकवर अजिबात विसंबू नये. चर्चेत नेमका हाच भाग सुटलाय.

दुसरं कारण वजन. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८ ग्रॅम; चिलखतातल्या सिरॅमिकपैकी ॲल्युमिनाची ३.९च्या आसपास, सिलिकॉन कार्बाइडची ३.२ आणि बोरॉन कार्बाइडची जेमतेम २.५. म्हणून बोरॉन कार्बाइडच सर्वोत्तम असं मात्र नाही. फार जोरदार आघातात त्याची स्फटिकरचना अरुंद पट्ट्यांमध्ये कोलमडते आणि ताकद एकदम घटते. मला तरी वाहनासाठी सिलिकॉन कार्बाइड जास्त भरवशाचं वाटतं. फरश्या छोट्या, बहुधा षटकोनी ठेवतात, म्हणजे एकीचा तडा शेजारणीत जात नाही.

काचेला कमी लेखू नका. अमेरिकेने १९५०च्या दशकात टी-९५ रणगाड्यासाठी पोलादाच्या आत सिलिका काचेचा गाभा घालून पाहिला होता, तो पोकळ स्फोटकाचा, म्हणजे स्फोटाने पुढे फेकला जाणारा धातूचा अतिवेगवान झोत मोडायला. चिलखती वाहनांच्या खिडक्यांत काचेचे अनेक थर आणि आतल्या बाजूला पॉलिकार्बोनेट हे चिवट पारदर्शक प्लास्टिक असतं, काचेचे कपचे माणसांवर उडू नयेत म्हणून. कडेला दुधाळ पट्टा किंवा बुडबुडे दिसले की थर सुटायला लागलेत असं समजावं.