वनहक्क मोर्चासाठी डिझाइन : पत्रक, कापडी बॅनर, टोप्या. सुरुवात कशापासून करावी?

रेघ_पालघर

वनहक्क दाव्यांवर (जंगलातल्या कसत्या जमिनीवर हक्क मिळावा म्हणून केलेल्या अर्जांवर) काम करणाऱ्या एका स्थानिक संघटनेला डिझाइनची मदत हवी आहे. 22 पाडे, प्रांत कार्यालयावर मोर्चा, हातात 24 दिवस. मागणी अशी : पत्रकाच्या 3,000 प्रती, मोठे बॅनर 4, छापील टोप्या 600 आणि एक खूण (लोगो म्हणा). निधी वर्गणीतूनच येतो, त्यामुळे चार रंगी छपाई नाही.

नेमके प्रश्न :
1. फ्लेक्स की कापड?
2. तालुक्याच्या छापखान्यात युनिकोड मजकूर तुटतो. जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या सरकतात. उपाय काय?
3. वाचता न येणाऱ्यांना दाव्याची प्रक्रिया चित्रांतून कशी सांगावी?
4. या सगळ्यावर डिझायनरचं नाव असावं का?

---

ग्रामसभा_दप्तर

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पत्रकातला मजकूर चुकला तर बाकीचं सगळं सुंदर असूनही नुकसान होतं.

वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे आणि त्यांतली मोठी दुरुस्ती 2012 ची. पत्रकात सगळा कायदा कोंबू नका. दावेदाराला अडतं त्या पाच गोष्टीच घ्या. जमीन 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असल्याचं दाखवायचं आहे. वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा 4 हेक्टर आहे. एकाहून अधिक पुरावे हवेत, म्हणजे किमान दोन, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो. उपग्रह चित्र हे इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी ते चालत नाही. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची गोष्ट : ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर उपविभागस्तरीय समितीकडे आणि तिचा निर्णय मान्य नसेल तर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायला 60 दिवस मिळतात.

ही 60 दिवसांची मुदत पत्रकाच्या मध्यभागी, सर्वांत मोठ्या आकड्यात हवी. दावा नामंजूर झाल्याचं पत्र घरात पडून राहतं, मुदत निघून जाते आणि मग कुणाच्या हातात काही उरत नाही. आकड्याखाली दोन रिकाम्या चौकटी ठेवा : ‘पत्र मिळाल्याची तारीख’ आणि ‘शेवटची तारीख’. कार्यकर्ता पेनानं त्या भरून देईल. छापील पत्रक त्या घरापुरतं कामाचं होतं ते या दोन चौकटींमुळे. तुमचा भाग पेसा क्षेत्रात (आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांचा कायदा लागू असलेल्या भागात) असेल तर 2020 च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनं जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावरही विभागस्तरीय समितीकडे अपील करता येतं. त्याची एक ओळ टाका.

चित्रांबद्दल. सहा चित्रं ओळीनं लावली की ती डावीकडून उजवीकडे वाचली जातील हे शहरी गृहीतक आहे. ज्यांना वाचायची सवय नाही ते आधी सर्वांत मोठं किंवा ओळखीचं चित्र बघतात. म्हणून एका चौकटीत एकच कृती, ठळक कड आणि कोपऱ्यात मोठा आकडा. आकडे बहुतेकांना ओळखता येतात, नोटा आणि बसचे नंबर रोजचेच असतात. बाण टाळा. फुलीही टाळा : ‘हे करू नका’ म्हणून काढलेली फुली ‘इथे खूण करा’ अशी समजली जाते. अर्जावर फुली आणि अंगठा सवयीचे असतात.

कच्चं चित्र दहा जणांना दाखवा, त्यांत किमान पाच बायका वाचता न येणाऱ्या हव्यात. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘यात हा माणूस काय करतोय?’ असं विचारा. दहापैकी तिघांनी वेगळं सांगितलं तर ते चित्र बदलायचं.

एक विनंती. वारली आकृत्या इंटरनेटवरून उचलून कडेला लावू नका. त्या कलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ती काढणारी माणसं त्याच पाड्यांवर आहेत. त्यांना बोलवा, चित्र त्यांच्याकडून घ्या, त्याचे पैसे द्या. लग्नचौकाची (लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकाची) आकृती मोर्चाच्या पत्रकावर चालेल की नाही हे तेच सांगू शकतील.

---

अक्षरजुळणी

दुसऱ्या प्रश्नावर. छापखान्यात अजूनही श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट आणि कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्या चालतात. तिथे युनिकोड मजकूर चिकटवला की तो तुटतोच. म्हणून मजकूर तिथे टाइप करून घेऊच नका. तुमच्याकडे मांडणी पूर्ण करा, सगळी अक्षरं कर्व्हमध्ये (फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत) बदला आणि पीडीएफ द्या. कर्व्ह न केलेली मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा, नाहीतर तारीख बदलली की सगळं नव्यानं जुळवावं लागेल.

इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडा. ते न केल्यामुळेच ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट आहेत : एक टाइपचे मुक्ता आणि बालू, शिवाय हिंद. संघटनेला पुढे कुणाकडेही काम देता यावं म्हणून विकतचा फॉन्ट टाळाच. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श असतील ते आपोआप येतील. ‘दुसऱ्या’, ‘कोणत्या’, ‘हक्क’, ‘समित्या’, ‘र्‍हास’ हे पाच शब्द छापून आधी तपासा. फॉन्टात खोट असेल तर ती इथेच कळते.

काळ्याबद्दल : कोरलमध्ये आरजीबी (पडद्यासाठीचा) काळा राहिला तर छपाईत तो चार रंगांचा होतो आणि रंग एकमेकांवर बसण्यात थोडी हालचाल झाली की मात्रांना झालर येते. काळा म्हणजे फक्त के 100, म्हणजे नुसती काळी शाई.

आता कागद. ए4 आकार डोक्यातून काढा. इथल्या ऑफसेटला 23 × 36 इंचांचा कागद सर्रास असतो. त्यातून 8.5 × 11 इंचांची 8 पत्रकं निघतात, ए4 ची एकाच दिशेनं लावली तर फक्त 6, कारण ए4 ची उंची 11.69 इंच आहे आणि 23 चे दोन भाग 11.5 चे होतात. पाव इंचापेक्षाही कमी फरकासाठी चौथा हिस्सा कागद वाया जातो. 3,000 प्रतींना 8.5 × 11 प्रमाणे 375 ताव लागतील, नासधूस धरून 400 घ्या. 70 जीएसएम (जाडीचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा पांढरा छपाईचा कागद, पुरेसा आहे. 60 चा घेतला तर मागची शाई पुढे दिसते. ग्रिपरसाठी (यंत्र कागद पकडतं त्या चिमट्यासाठी) कागदाच्या एका बाजूला 10 ते 12 मिलिमीटर कोरी जागा लागते, तिथे मजकूर नको.

तालुक्यात रिसो यंत्र (झटपट प्रती काढणारं छपाई यंत्र) असेल (परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे असतं) तर एकरंगी पत्रकाला ते स्वस्त पडतं आणि एका तासात हातात मिळतं. मात्र त्यावर मोठा भरीव काळा ठोकळा नीट येत नाही, तो ठिपकेदार होतो आणि बोटाला लागतो. भरीव जागेऐवजी रेघांची छटा वापरा.

---

मांजरपाट

फ्लेक्स नको. फ्लेक्स ओला झाला तरी टिकतो हे खरं. पण तो घडी घालून ठेवला की छपाईला चिरा जातात, उन्हात चकाकतो म्हणून फोटोत मजकूर जळलेला दिसतो, आणि तारीख बदलली की फेकावा लागतो. कापडावर नुसती तारखेची पट्टी टाचता येते.

चार बॅनरसाठी मांजरपाट घ्या. कोऱ्या कापडाला खळ असते, ती गरम पाण्यात धुऊन काढा, नाहीतर रंग वर तरंगतो आणि वाळल्यावर पोपडे निघतात. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून 10 फुटांच्या बॅनरला साडेदहा फूट कापा. दोन्ही टोकांना 4 इंचांचा नेफा शिवा, त्यात बांबू जाईल. वाऱ्यासाठी मधे भोकं पाडण्याची पद्धत आहे, पण त्यांनी ताण फारसा कमी होत नाही आणि कापड तिथूनच फाटतं. त्यापेक्षा वरच्या कडेतून सुतळी ओवून ती दोन्ही बांबूंना बांधा, मधला झोळ जातो.

अक्षराचा आकार : 10 फूट अंतराला 1 इंच हा साधा हिशेब. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, मात्रा आणि उकार वेगळे. 80 फुटांवरून वाचायचं तर 8 इंच. वर मात्रेला 4 आणि खाली उकाराला 3 इंच धरले तर एक ओळ 15 इंच खाते. 3 फुटी बॅनरवर दोनच ओळी बसतात. 10 फूट लांबीत 8 इंची अक्षरं साधारण 13-14. म्हणून घोषणा ठरवताना अक्षरं मोजा. संघटनेच्या समितीनं दिलेलं सात शब्दांचं वाक्य बसत नाही हे कापडावर नव्हे, कागदावर कळलं पाहिजे.

टोप्या : स्क्रीननं (चौकटीत ताणलेल्या जाळीतून शाई ओढून) छापायच्या, आणि शिवण्याआधी छापा. कापलेली सपाट पट्टी टेबलावर नीट बसते, शिवलेल्या टोपीवर शिवणीपाशी स्क्रीन उचलला जातो आणि शाई पसरते. कापडासाठी 43 टी जाळी (सेंटिमीटरला 43 धागे). 1.5 मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ नको. भ, ध, थ, क यांच्या पोटातली पोकळी शाईनं भरते, म्हणून फॉन्ट मध्यम जाडीचा घ्या आणि अक्षरांमध्ये जागा सोडा. पांढऱ्या टोपीवर गडद शाई एका हातात (एका थरात) होते. लाल टोपीवर पांढरं हवं तर अपारदर्शक पांढरी पेस्ट लागते आणि पहिला हात वाळवून दुसरा द्यावा लागतो, म्हणजे वेळ दुप्पट.

स्क्रीनचा मसाला (जाळीवर लावून उजेडात पक्का करायचा लेप) डायझोचा घ्या. जुना बायक्रोमेटचा मसाला स्वस्त असतो, पण तो त्वचेला आणि फुप्फुसांना घातक आहे आणि छपाईला मुलंमुली बसणार आहेत. उजेड कमी मिळाला तर धुताना मसालाच निघून जातो, जास्त मिळाला तर बारीक रेघा उघडत नाहीत. आधी एका तुकड्यावर वेगवेगळ्या वेळा देऊन पट्टी काढा. छापताना दर 30-40 टोप्यांनंतर ओल्या स्पंजनं जाळी पुसा, जेवायला उठताना शाई जाळीत ठेवू नका. पाण्यावरची शाई दुपारच्या उन्हात दहा मिनिटांत जाळीत वाळून बसते. शेवटी पक्कं करायला प्रत्येक टोपीला उलट बाजूनं गरम इस्त्री.

---

रेघ_पालघर

फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. एक, खूण कशी असावी? दोन, हातफलकांना काठ्या लावण्यावर कार्यकर्त्यांत वाद आहे. शिवाय निवडणुका जवळ आहेत, त्याचा काही परिणाम?

---

ग्रामसभा_दप्तर

काठ्यांचा वाद बरोबर आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37(1) खाली आदेश लागू असेल तर काठ्या बाळगायला मनाई असते आणि फलकाची काठीही त्यात ओढली जाऊ शकते. तो आदेश सध्या लागू आहे का हे मोर्चाचं पत्र देतानाच पोलीस ठाण्यात विचारा. सोपा मार्ग : 22 × 28 इंचांचं कार्डशीट मधोमध कापून 14 × 22 चे दोन फलक करा आणि सुतळीनं गळ्यात अडकवा. हात मोकळे राहतात, मूल कडेवर घेता येतं.

निवडणूक : पत्रक एखाद्या उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरोधात जात असेल तर लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चं कलम 127अ लागतं. मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते पत्रकावर हवेत, आणि प्रकाशकानं सही केलेलं, ओळखीच्या दोन व्यक्तींनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र मुद्रकाला द्यावं लागतं. वनहक्काची माहिती देणारं पत्रक यात मोडत नाही. पण ‘यांना मत देऊ नका’ अशी एक ओळ आली की मोडतं. तुमची फाइल उद्या कुणी उमेदवार वापरेल, म्हणून फाइल आणि खूण समितीच्या मालकीची असल्याचं आणि वापराची परवानगी समितीच देईल असं एका पानावर आत्ताच लिहून घ्या.

तिरंग्यावर अक्षरं छापू नका, राष्ट्रीय सन्मान अवमान प्रतिबंध कायदा 1971 प्रमाणे तो गुन्हा आहे. अशोकस्तंभही वापरू नका. ‘सरकारी वाटावं’ म्हणून कार्यकर्ते तो हमखास मागतात. भिंती रंगवायच्या असतील तर मालकाची लेखी संमती घ्या, मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा 1995 चा राज्याचा कायदा गेरूच्या अक्षरांनाही लागतो.

---

मांजरपाट

खुणेसाठी एक कसोटी : चौथीतल्या मुलानं कोळशानं भिंतीवर पाच सेकंदांत काढता आली पाहिजे. 1958 साली जेराल्ड हॉल्टम यांनी ब्रिटनमधल्या अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी काढलेली खूण म्हणजे एक वर्तुळ आणि आत तीन रेघा. तिच्यावर काढणाऱ्यानं मालकी सांगितली नाही आणि ती जगभर लोकांनी हातानं काढली. छटा, ग्रेडियंट, बारीक पानं, हातात हात, हे सगळं स्क्रीन छपाईत मरतं. एकरंगी, 15 मिलिमीटरला ओळखू येणारी आणि उलट, म्हणजे गडदवर पांढरी, छापली तरी तीच वाटणारी हवी.

रंग निवडतानाही विचार करा. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला सुमारे 180 किलोमीटर चालत आलेल्या शेतकरी-आदिवासींच्या लाँग मार्चमध्ये लाल टोप्या आणि लाल झेंडे होते, वरून काढलेल्या फोटोंत ती लाल नदी दिसली. एकच रंग हजारो डोक्यांवर असण्याची ती ताकद. पण तो रंग एका संघटनेचा आहे. तुमच्या 22 पाड्यांत वेगवेगळ्या पक्षांची माणसं असतील तर रंग बैठकीत ठरू द्या, तुम्ही सुचवू नका.

---

अक्षरजुळणी

नावाचा चौथा प्रश्न राहिला. 1968 च्या पॅरिसमध्ये कलाविद्यालयातल्या ‘अतेलिए पोप्युलेर’नं शेकडो भित्तिपत्रकं सही न करता काढली, कोणतं छापायचं हे सभेत ठरायचं. इथेही पत्रकावर संघटनेचं नाव आणि कार्यकर्त्याचा फोन पुरे. तुमचं काम तुम्ही तुमच्या पानावर दाखवू शकता, पण मोर्चा झाल्यावर, आणि समितीला विचारून.

नाव छापलं नाही तरी ते फाइलमध्ये असतं. पीडीएफच्या गुणधर्मांत लेखक म्हणून संगणकावरचं नाव जातं, ते पुसून मग पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं की दर्जा टिकतो, पण फोटो कुठे काढला ती माहितीही टिकते. दावेदारांचे फोटो, आधारचा क्रमांक दिसणारे कागद, प्लॉटचे नकाशे यांना हे विशेष लागू. फोटोवर काळी पट्टी टाकून ती सपाट चित्र म्हणून साठवा, पीडीएफमध्ये नुसती वर ठेवलेली पट्टी कुणीही बाजूला सरकवतं.

24 दिवसांची वाटणी : पहिले 5 दिवस मजकूर आणि चित्रांची चाचणी, सहाव्या दिवशी समितीसमोर मोठ्यानं वाचन. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं तारीख, वार आणि ठिकाण मूळ ठरावाशी ताडायचं. तारीख आणि वार जुळत नाहीत ही सर्वांत नेहमीची चूक आहे. दहाव्या दिवशी पत्रक छापून हातात हवं, म्हणजे मोर्चाआधी दोन आठवडी बाजार मिळतात. टोप्या त्यानंतर, बॅनर सर्वांत शेवटी. आणि 3,000 पैकी 200 पत्रकं बांधून बाजूला ठेवा, प्रांत कार्यालयात निवेदनासोबत जोडायला आणि नामंजुरीची पत्रं पुढच्या महिन्यात आली की त्या घरांत द्यायला लागतील.