प्रति: लिनक्ससाठी ब्राउझर – कंपाइल करण्यापलीकडचे काम

ब्राउझर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणायचा म्हणजे कोड पुन्हा कंपाइल करून (लिनक्सवर चालेल अशा रूपात बदलून) दिला की झाले, असा मुद्दा या चर्चेत मांडला गेला; तो मला अपुरा वाटतो. मायक्रोसॉफ्ट एज ज्यावर बेतलेला आहे तो क्रोमियम हा मुक्त ब्राउझर लिनक्सवर आधीपासून चालत असूनही एजची चाचणी आवृत्ती ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि स्थिर आवृत्तीसाठी नोव्हेंबर २०२१ उजाडला.

खरी कसोटी सँडबॉक्सची, म्हणजे ब्राउझरमधील सुरक्षित कप्प्याची, असते. वेबपानाचा कोड उर्वरित सिस्टिमपासून अलग ठेवण्यासाठी क्रोमियम कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) यूजर नेमस्पेस या प्रोग्राम वेगळा ठेवण्याच्या सोयीचा आधार घेते, उबुंटू या लिनक्स वितरणाच्या २४.०४ आवृत्तीने मात्र ही सोय सुरक्षेसाठी, कोणत्या प्रोग्रामला काय करता येईल हे ठरवणाऱ्या अ‍ॅपआर्मरद्वारे मर्यादित केली, त्यामुळे ज्या ब्राउझरसाठी अ‍ॅपआर्मरमध्ये प्रोफाइल (परवानग्यांची नियमावली) नाही, तो झिप फाइलमधून काढून थेट चालवल्यास सँडबॉक्स उपलब्ध नसल्याचा संदेश देऊन बंद पडू शकतो. अशा वेळी 'नो-सँडबॉक्स' हा पर्याय वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कृपया कोणीही पाळू नये, कारण त्याने ब्राउझरचे सर्वांत महत्त्वाचे संरक्षणच निघून जाते. योग्य प्रोफाइल जोडणे हा सुरक्षित उपाय आहे.

पॅकेजच्या, म्हणजे प्रोग्राम ज्या गठ्ठ्यातून बसवला जातो त्याच्या, स्वरूपाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्स स्नॅप (उर्वरित सिस्टिमपासून अलग ठेवलेले पॅकेज) स्वरूपात आला, तेव्हा बाहेरच्या पासवर्ड मॅनेजरशी ब्राउझरमधील एक्स्टेन्शनचा संवाद सुरुवातीला तुटला होता. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जानेवारी २०२४ मध्ये स्वतःची एपीटी रिपॉझिटरी (पॅकेज उतरवून घेण्याचे ऑनलाइन भांडार) स्थिर आवृत्तीसाठी खुली केली, हे माझ्या मते फार योग्य पाऊल होते, कारण त्यामुळे डेबियन व उबुंटू या वितरणांवर सुरक्षा अद्यतने थेट निर्मात्याकडून आणि नेहमीच्याच अपडेट आज्ञेने मिळतात.