सिमसोबत येणारं एटीसी: ऐकायचं की बंद करायचं?

होटगी रोडकर

मत सरळ मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. घरच्या फ्लाइट सिमवर, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या प्रोग्रामवर, नव्याने बसणाऱ्याने पहिले दोन-तीन महिने सिमसोबत येणारं एटीसी, म्हणजे रेडिओवरून सूचना देणारं हवाई वाहतूक नियंत्रण, बंद ठेवावं. ऑटोपायलट आणि एटीसी एकदम शिकायला घेतले की चूक कोणाची तेच कळत नाही, आणि शिव्या मात्र ऑटोपायलट खातो.

आपल्या डोक्यावरून जाणारंच उदाहरण घ्या. हैदराबाद-मुंबई, एअरबसचं ए३२० जेट, उंची ३६,००० फूट. सोलापूर डावीकडे मागे पडतं तेव्हा मुंबई अजून १९०-एक नॉटिकल मैल असते. ३,००० फुटांवर यायचं तर ३३,००० फूट उतरायचं. हजार फूट उतरायला तीन मैल, म्हणजे ९९, आणि वेग मारायला वर दहा. बारामतीच्या आसपास उतरायला लागलंच पाहिजे. हे एटीसी तिथे गप्प असतं. बऱ्याचदा पुणं खाली आलं की त्याला जाग येते. तिथून मुंबई ६७ मैल. मैलामागे जवळपास ४९० फूट, साडेचार अंशांहून जास्त उतार, ४५० नॉटच्या वेगात मिनिटाला ३,७०० फूट. ए३२० एक तर उतरेल, नाही तर वेग कमी करेल. दोन्ही एकदम करायला स्पीडब्रेक (पंखांवरच्या, वेग मारणाऱ्या झडपा) पूर्ण उघडूनही पुरत नाही. मग मुंबईवर १०,००० फुटांनी उंच पोचायचं आणि म्हणायचं, ऑटोपायलट ऐकत नाही. तो बिचारा सांगितलेलंच करतोय.

पंधरा-तेहतीस

रोडकर, हिशोब बरोबर, निष्कर्ष उलटा. कुठून उतरायला लागायचं हे वैमानिकाने ठरवायचं, एटीसी परवानगी देतं. मेनूत उंची कमी करून मागायची सोय आहे. बारामती यायच्या दहा मैल आधी मागा. खऱ्या आकाशातही वाहतुकीमुळे वर अडकवून ठेवतात, तेव्हा वैमानिक रडत बसत नाही, वेग आधीच उतरवून घेतो.

आणि ऑटोपायलटला ‘बिचारा’ करू नका. ए३२० मध्ये उंचीचा नॉब फिरवला म्हणजे विमानाला सांगितलं असं होत नाही. क्रूझवर असताना नुसता फिरवून ठेवला तर विमान आहे तिथेच राहतं. फिरवून नॉब दाबला की विमान स्वतःच्या हिशोबाने उतरतं, ओढला की इंजिन आयडलवर टाकून सरळ खाली येतं. माऊसने दाबणं आणि ओढणं एकमेकांत घुसतं, कारण नॉबच्या वरच्या-खालच्या भागावर बाणाचं चिन्ह जरासंच बदलतं. दाबल्यावर समोरच्या पडद्यावर वरची हिरवी अक्षरं बदलली की नाही एवढं बघा. बदलली नसतील तर विमानापर्यंत काही पोचलेलंच नाही.

दुसरी ठरलेली तक्रार: वेगाचा नॉब दाबून ठेवला, धावपट्टी पंधरा मैलांवर आली, तरी विमान २५० नॉट सोडत नाही. विमानाच्या संगणकाच्या परफॉर्मन्स पानावर अप्रोच फेज (उतरण्याचा शेवटचा टप्पा) चालू केलेली नसते. ती केली की आकडा आपोआप खाली येतो. यात एटीसीचा काय संबंध?

चादरवाला

तुम्ही दोघं एअरबसमध्येच फिरताय बे. नवा माणूस सेस्ना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानात बसतो, आणि तिथे एटीसी चालू असो की बंद, ऑटोपायलटच त्याला पाडतो.

मे महिना, दुपारचे दोन, लाइव्ह वेदर (बाहेरचं खरं हवामान) चालू, सोलापूरहून उड्डाण. बाहेर ४२ अंश. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,५०० फुटांवर, त्या उंचीला प्रमाणित तापमान १२ अंश. फरक ३० अंशांचा, अंशामागे १२० फूट, म्हणजे ३,६०० फूट. गरम हवा विरळ, म्हणून विमानाला वाटतं आपण ५,१०० फुटांवरून उडतोय. १७२एस समुद्रसपाटीला प्रमाणित हवेत मिनिटाला ७३० फूट चढते. इथे धावपट्टी सोडतानाच तेवढी ताकद नसते, आणि वर जाऊ तशी आणखी घटते.

आता ऑटोपायलटच्या व्हीएस मोडवर (ठरलेल्या दराने चढणं-उतरणं) मिनिटाला ७०० फूट लावा. ऑटोपायलट ७०० धरायला नाक वर घेतो. वेग ८० वरून ७०, ६०. तो आणखी नाक वर घेतो. वेगाकडे बघणं त्याचं कामच नाही, त्याला फक्त ७०० माहीत. वेग फार घटल्याचा भोंगा वाजतो, विमान एका पंखावर कलंडून पडतं, आणि लोक लिहितात ऑटोपायलटमध्ये बग आहे.

उपाय: एफएलसी बटण दाबा, वेग ८० लावा, थ्रॉटल पूर्ण. मग तो वेग धरतो आणि चढण मिळेल तेवढी घेतो, ४०० मिळाली तर ४००. ३,००० फुटांच्या वर मिक्स्चरही (इंधन-हवेचं प्रमाण) मागे घ्या, नाही तर इंजिन नुसतं पेट्रोल पितं आणि आहे ती चढणही जाते. सिमची ऑटो-मिक्स्चर मदत चालू असेल तर ते सोडा.

होटगी रोडकर

चादरवाले, हे शंभर टक्के मान्य. पण माझंच म्हणणं पक्कं होतंय. ४०० ने चढणाऱ्या विमानाला एटीसी मध्येच ‘लवकर चढा’ म्हणून टोकतं, नवा घाबरून व्हीएसवर जातो आणि पडतो. विमान किती चढू शकतं याची त्या एटीसीला गंधवार्ता नाही.

पंधरा-तेहतीस, मेनूतून मागितलेली उंची मिळाली तरी हे एटीसी सह्याद्री बघत नाही, त्याचं काय? सोलापूर-पुणे १२८ मैल, ८,००० फूट, लोहगावच्या धावपट्टी १० वर उतरायचं. आपण पूर्वेकडून येतो आणि ही धावपट्टी पश्चिमेकडून घ्यायची, म्हणजे विमानतळाला वळसा. दक्षिणेकडून वळसा घातला की सिंहगड येतो, सुमारे ४,३०० फूट. तिथे ‘४,००० वर या’ म्हटलं आणि ऐकलं की संपलं. डोंगराळ भागात असे आकडे हे एटीसी सर्रास देतं. नवा माणूस एटीसी म्हणजे अधिकारी समजतो. ढगात असला तर मुकाट खाली जातो.

पंधरा-तेहतीस

ढगात असेल तर समोर चार्ट उघडा असायला हवा आणि किमान सुरक्षित उंची आधी बघून ठेवलेली हवी. त्याखालची उंची दिली तर नाही म्हणायचं. असमर्थता कळवणं हा वैमानिकाचा हक्क आहे. सिमच्या मेनूत तसा पर्याय दरवेळी नसतो, हे कबूल. मग उंची सोडू नका, एटीसी दोनदा-तीनदा टोकेल, फार तर आयएफआर (उपकरणांच्या भरवशावर उडायची परवानगी) रद्द करेल. गडावर आपटण्यापेक्षा बरं.

लोहगाव काढलंत म्हणून आयएलएसचंही (धावपट्टीपर्यंत नेणारे रेडिओ संकेत) सांगतो, कारण सगळ्यात जास्त ओरड तिथेच असते. ‘अप्रोच दाबला तरी विमान खाली येत नाही.’ सेस्नाच्या जी१००० पडद्यावर सुई जांभळी असेल तर विमान अजून जीपीएसच्या मागे आहे. सीडीआय बटणाने ती हिरवी करा, लोकलायझरची (धावपट्टीची दिशा दाखवणारा आयएलएसचा संकेत) फ्रिक्वेन्सी नॅव्ह १ रेडिओवर चालू बाजूला आहे ना बघा, आणि मगच एपीआर (अप्रोच) बटण. काही विमानांत हा बदल आपोआप होतो, त्यावर विसंबू नका. वर पांढरी अक्षरं म्हणजे नुसती तयारी, हिरवी म्हणजे पकडलं. ३० अंशांच्या आतल्या कोनात, एचडीजी (ठरलेली दिशा धरायच्या) मोडवर, ग्लाइडस्लोपच्या (आयएलएसच्या उताराच्या संकेताच्या) खालून या. वरून आलात तर ते पकडतच नाही आणि विमान तशाच उंचीवरून धावपट्टी ओलांडून जातं. १२० नॉटला मिनिटाला ६०० फूट उतार यायला हवा, वेगाची पाचपट. हजार दिसला तर काहीतरी गंडलंय.

आता एटीसी सारखं ‘उंची सांभाळा’ म्हणतं, त्या कटकटीबद्दल. अर्ध्या वेळा चूक आपली असते. अल्टिमीटर (उंचीमापक) १०१३ वर तसाच, बाहेर दाब १००४. नऊ हेक्टोपास्कलचा फरक, प्रत्येकी सुमारे २७ फूट, म्हणजे २४५-एक फूट. काटा ८,००० दाखवतो आणि विमान ७,७५० च्या आसपास. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये कीबोर्डवर बी दाबलं की बाहेरचा दाब त्यात लागतो. एटीसी बंद ठेवलं असतं तर ही चूक कधी कळली असती? जमीन लागल्यावर.

शेंगाचटणी

मध्येच तोंड घालतो. ‘ऑटोपायलट आपोआप सुटतो’ हा प्रश्न इथे दर आठवड्याला येतो, त्याचं उत्तर हार्डवेअरमध्ये आहे. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शियोमीटर (पॉट, म्हणजे घासत फिरणारे सेन्सर) असतात, आणि आपल्याकडची धूळ माहीत आहेच. हात न लावता सिग्नल थरथरतो, काही विमानं त्याला वैमानिकाने स्टिक ओढली असं समजतात आणि ऑटोपायलट सोडतात.

विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल टाका, प्रॉपर्टीज उघडा, स्टिक सोडून द्या आणि अधिकचं चिन्ह मिनिटभर बघा. नाचत असेल तर सिममध्ये डेड झोन (जिथली बारीक हालचाल सिम धरत नाही) ३ ते ५ टक्के करा. तरी नाचलं तर पॉटवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा पूर्ण फिरवा. घरातलं मशिनचं तेल घालू नका, धूळ चिकटून पुढच्या महिन्यात डबल त्रास. शिवाय एकच थ्रॉटल अॅक्सिस दोन उपकरणांना लावलेला नाही ना, तेही तपासा. आणि वेळ वाचवायला सिम रेट (सिममधल्या काळाचा वेग) चौपट करून ऑटोपायलट डोलतोय म्हणणाऱ्यांना माझं उत्तर नाही. एकेका फ्रेममध्ये विमान चौपट अंतर कापतं, त्याची दुरुस्ती मागे पडते, तो डोलणारच.

सात रस्ता फ्रिक्वेन्सी

दोन्ही बाजू मूळ एटीसीवरच भांडताय. व्हॅटसिम या ऑनलाइन जाळ्यावर या. २००१ पासून चालू आहे, फुकट आहे, कंट्रोलर माणूस असतो. जोडणीचा प्रोग्राम म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सिमसाठी व्हीपायलट, एक्स-प्लेनसाठी एक्सपायलट. बोलायची लाज वाटत असेल तर मजकुरातून चालतं, नुसतं ऐकून टाइप केलं तरी चालतं. आधी एक छोटी परीक्षा आहे, पुस्तक उघडं ठेवून दिली तरी शिकायला मिळतं.

चादरवाला

आणि मंगळवारी सकाळी अकराला सोलापूरहून उडालं की कोण भेटतं? स्वयंसेवक आहेत ते, त्यांना नोकऱ्या आहेत. मग १२२.८ या सामाईक फ्रिक्वेन्सीवर आपणच आपल्याला सांगायचं, मी धावपट्टी १५ वरून निघालो. ऐकायला कोणी नाही.

सात रस्ता फ्रिक्वेन्सी

अण्णा, तेवढं बोलायची सवय लागली तरी पुष्कळ. कंट्रोलर नसलेल्या ठिकाणी असंच बोलतात. पैसे द्यायची तयारी असेल तर बियाँडएटीसी, सेइन्टेन्शन्स अशी एआयवाली आहेत, ती मूळ एटीसीपेक्षा संभाषण बरंच चांगलं धरतात. आपले उच्चार कधी कधी चुकीचे ऐकतात, आकडे एकेक करून म्हणायचे: वन टू एट, ‘हंड्रेड ट्वेंटी एट’ नाही.

शेंगाचटणी

एक अवांतर. सोलापूरची सीनरी घेताना तारीख बघा. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, जुन्या सीनरीत उभी असू शकते. गोव्याची सेवा सुरू झाल्यापासून सगळे एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) घेऊन गोव्यातल्या मोपा विमानतळाला निघालेत, १६५-एक मैल. त्यातले निम्मे उतरताना ओव्हरस्पीडचा भोंगा वाजवत असतात. याचं काय करायचं?

पंधरा-तेहतीस

एटीआरला ऑटोथ्रॉटल (पॉवर आपोआप सांभाळणारी सोय) नाही, म्हणून. व्हीएस मोडवर १,५०० उतार लावला आणि पॉवर क्रूझचीच ठेवली तर वेग २५० च्या मर्यादेबाहेर जाणारच. आधी पॉवर मागे, २३० च्या आसपास वेग बसू द्या, किंवा सरळ आयएएस मोड घ्या म्हणजे ऑटोपायलट वेग धरेल. १६,००० वरून ३,००० वर यायला ३९ मैल लागतात, ४५ वर सुरुवात करा. खाली पोचून विमानाने उंची पकडली की पॉवर परत पुढे ढकलायला विसरू नका, नाही तर वेग गळत जातो आणि पन्नास सेकंदांत दुसरा, वेग घटल्याचा भोंगा. एटीसी नेमकं त्याच वेळी फ्रिक्वेन्सी बदलायला सांगतं. आधी पॉवर, मग रेडिओ.

होटगी रोडकर

म्हणजे मी म्हणतोय तेच.

पंधरा-तेहतीस

नाही. रेडिओ बंद असता तर आधी काय आणि मग काय, हा प्रश्नच पडला नसता. रेडिओ सांभाळणं जमत नसेल तर मदतीच्या पर्यायांत जाऊन तो सहवैमानिकाकडे सोपवा. आवाज कानावर पडत राहील, उत्तरं तो देईल. उंचीचा नॉब मात्र स्वतःच्या हातात ठेवा.

होटगी रोडकर

सहवैमानिकाकडे सोपवायचं चालेल. सिंहगडाला चालेल का, ते आज रात्री बघतो.