घरी बांधलेल्या विमानातील रडर केबल: टर्नबकल किती आवळावे?

प्रश्न

मी आराखड्यांवरून दोन आसनांचे अ‍ॅल्युमिनियमचे विमान बांधत असून सध्या रडरच्या (शेपटीवरील, विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या उभ्या पृष्ठाच्या) केबल बसवत आहे. दोन्ही केबल १/८ इंची, ७×१९ विणीच्या (प्रत्येकी १९ तारांचे सात पेड) आहेत. डावे आणि उजवे पेडल एकमेकांना जोडलेले नाही. प्रत्येकाला पुढे ओढणारी एक स्प्रिंग तेवढी आहे. एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या पृष्ठाच्या) केबलसाठी आराखड्यात ताणाचा आकडा आहे, रडरसाठी मात्र नाही. टर्नबकल (केबल आवळण्याचा दोन्ही टोकांना आटे असलेला जोड) आवळत गेल्यास ताणमापकाचा काटा जेमतेम हलतो आणि दोन्ही पेडल वैमानिकाकडे सरकतात. योग्य ताण किती ठेवावा?

प्रतिसाद १

आकडा दिलेला नाही, याचे कारण आपल्या रचनेतच आहे. पेडल एकमेकांना जोडलेले नसल्यामुळे केबलमधील ताण टर्नबकलमुळे नव्हे, तर स्प्रिंगमुळे येतो, आणि म्हणूनच टर्नबकल आवळले की केबल ताठ होण्याऐवजी स्प्रिंग लांबते व पेडल मागे येते. येथे टर्नबकलचे काम केबलची लांबी जुळवण्याचे आहे. रडर दोन फळ्यांमध्ये पकडून अगदी मध्यावर स्थिर करावे, मग दोन्ही पेडल समान रेषेत आणि पायांना सोयीच्या अंतरावर येतील अशी दोन्ही बाजूंची लांबी ठरवावी.

त्यानंतर रडर दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे. पेडल पूर्ण पुढे गेल्यावरही त्याच्या स्प्रिंगमध्ये थोडा ताण शिल्लक राहिला पाहिजे, नाहीतर त्या बाजूची केबल सैल पडून कप्पीवरून उतरू शकते. रडरची हालचाल रडरजवळच्या स्टॉपवर (हालचाल अडवणाऱ्या अडसरावर) थांबावी. पेडल पुढच्या भिंतीला टेकून थांबत असेल तर पायाचा सगळा जोर भलत्या ठिकाणी जातो. टाचा उचलून ब्रेक दाबलेल्या स्थितीतही ही तपासणी करावी, कारण तेव्हा पेडलचा वरचा भाग आणखी पुढे झुकतो.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र पेडल पुढच्या बाजूने केबलने जोडलेले असतील, तर वळसा बंद होतो आणि तेथे ताणाचा आकडा खरोखर लागतो. तो त्या विमानाच्या आराखडाकारानेच द्यायचा असतो, दुसऱ्या विमानाचा उसना घेऊ नये. अशा वळशात तापमानाचा प्रभावही दिसतो. चार मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा ३० अंश सेल्सियसने तापला तर सुमारे २.८ मिलिमीटर वाढतो, साध्या पोलादाची केबल जेमतेम दीड मिलिमीटर. म्हणजे उन्हात ताण चढतो आणि थंडीत उतरतो. लाकडी सांगाड्यात हे उलटे घडते, कारण लाकूड तंतूंच्या दिशेने पोलादापेक्षाही कमी वाढते.

प्रश्नकर्ता

उलगडा झाला, मनःपूर्वक आभार. ताणमापक बाजूला ठेवून मी लांबीच जुळवतो. केबलची टोके तांब्याच्या स्लीव्हने (केबलभोवती दाबून बसवायच्या नळीने) बंद करणार आहे. त्याविषयी काही सांगाल का?

प्रतिसाद ३

टोकांकडे ताणापेक्षाही अधिक लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. १/८ इंची गॅल्व्हनाइज्ड केबलची तुटण्याची किमान ताकद २००० पौंड, तर स्टेनलेसची १७६० पौंड असते, पण स्लीव्ह नीट दाबली गेली नाही तर या आकड्यांना काहीच अर्थ उरत नाही. या मापाच्या स्लीव्हला तीन दाब द्यावे लागतात, त्यातला मधला आधी. प्रत्येक दाब गेजने मोजावा आणि थिंबल (केबलच्या फासाला आतून आधार देणारी धातूची खोबण) बसवायला विसरू नये. केबल स्टेनलेस असेल तर मुलामा दिलेली स्लीव्ह वापरावी, कारण उघडे तांबे आणि स्टेनलेस यांचा संपर्क गंज वाढवतो. तयार केबल विमानात चढवण्यापूर्वी तुटण्याच्या ताकदीच्या ६० टक्के भार देऊन तपासावी. नव्या केबलमधील विणीचा ढिलेपणाही त्यातच निघून जातो आणि नंतर लांबी पुन्हा जुळवावी लागत नाही.

लांबी ठरल्यावर टर्नबकलच्या कोणत्याही टोकाला तीनपेक्षा अधिक आटे बाहेर दिसता कामा नयेत. तसे दिसत असतील तर केबल नव्याने कापावी, आणि हे सारे पटल्यावरच लॉकवायर (टर्नबकल आपोआप सुटू नये म्हणून गुंडाळायची तार) घालावी.