मदत हवी आहे : एथेलरेडच्या पेनीचे पूर्वीचे मालक कसे शोधावेत?

नमस्कार. मी काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये राहतो आणि अँग्लो-सॅक्सन राजांची नाणी जमवतो. अलीकडे एका विक्रेत्याकडून इंग्लंडचा राजा एथेलरेड दुसरा (राज्यकाळ ९७८ ते १०१६, मध्ये थोडा खंड) याची ‘लाँग क्रॉस’ प्रकारची (मागे कडेपर्यंत जाणारा लांब क्रूस असलेली) चांदीची पेनी घेतली. मागील बाजूस नाणे पाडणाऱ्या ईडवोल्डचे नाव व लंडन टांकसाळीचा उल्लेख आहे. नावातील ‘व’साठीचे जुने अक्षर रोमन ‘पी’सारखे दिसते, त्यामुळे ते लागायला वेळ गेला.

हे नाणे लॉकेट नावाच्या जुन्या संग्राहकाच्या संग्रहातील असल्याचे विक्रेत्याने तोंडी सांगितले, परंतु सोबतच्या हस्तलिखित गोल तिकिटावर राजाचे नाव, टांकसाळ आणि एक क्रमांक एवढेच आहे. हा संग्रह १९५५ ते १९६१ या काळात ग्लेंडिनिंग या लंडनच्या लिलावसंस्थेच्या लिलावांत विकला गेला. त्या कॅटलॉगांतील छायाचित्रांची पाने मी भिंगाखाली ताडून पाहिल्या, मात्र सगळ्याच नाण्यांची चित्रे त्यांत नसल्याने होकार वा नकार काहीच हाती लागले नाही.

मला अधिक अस्वस्थ करतात त्या पृष्ठभागावरील टोचल्याच्या बारीक खुणा. चांदी खरी आहे की नाही हे पाहण्यासाठी व्हायकिंग लोक सुरीच्या टोकाने नाणी टोचत, आणि एथेलरेडने डेन लोकांना (डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांना) दिलेल्या खंडणीतून अशी हजारो नाणी स्कँडिनेव्हियात गेली. म्हणजे हे नाणे तिकडच्या एखाद्या पुरलेल्या साठ्यातील असण्याचा संभव आहे. डेन्मार्कमध्ये असे सापडलेले धन राज्याच्या स्वाधीन करावे लागते. इंग्लंडमध्येही लेमिन्स्टरजवळ २०१५ मध्ये सापडलेला साठा दडवणाऱ्यांना २०१९ मध्ये तुरुंगवास झाला. माझ्या संग्रहात चोरीचा वारसा असू नये, एवढी माझी तळमळ आहे.

केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाच्या सूचीत सुट्या सापडलेल्या नाण्यांच्या नोंदी शोधल्या. तेथे हे नाणे आढळले नाही. ठसा जुळणारी इतर नाणी मिळतील, पण एकाच ठशाने अनेक नाणी पाडली जात असल्याने त्यावरून मालकी सिद्ध होत नाही, कडेचा आकार आणि टोचलेल्या खुणांची जागाच जुळायला हवी.

तेव्हा जाणकारांना विचारतो : तिकिटावरील हस्ताक्षरावरून जुना संग्राहक किंवा विक्रेता ओळखण्याची काही खात्रीची पद्धत आहे का? चित्र नसलेल्या लिलाव-नोंदीतील वर्णन व वजन जुळले, तर तेवढ्यावर ओळख पटली असे मानावे का? आणि ‘लॉकेट’ हा दावा विक्रेत्याकडून लेखी मागताना नेमके कोणते तपशील मागावेत?