मागच्या भिंतीपलीकडची बीआरटी

सेक्रेटरी: आपल्या सोसायटीच्या मागच्या बंद रेल्वे लाइनवर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी वेगळा रस्ता, करायचा आराखडा आलाय. हरकती-सूचना रविवारपर्यंत इथेच लिहा, सगळ्यांचं मिळून एक पत्र देऊ. फॉरवर्ड टाकू नका प्लीज.

ए-१०३: पीडीएफ उघडत नाहीये

सी-२०१: मागे शांतता आहे म्हणून आम्ही हा फ्लॅट घेतला, आता रात्रंदिवस हॉर्न ऐकायचे का? माझा स्पष्ट विरोध लिहा.

बी-४०२: काका हॉर्न कोणासाठी वाजवणार, तिथे दुसरी गाडीच नसणार ना

सी-२०१: दिल्लीत पण हेच सांगितलं होतं. २००८ ला बीआरटी केली आणि २०१६ ला उखडून टाकली.

बी-४०२: दिल्लीत चालू रस्त्यातल्या लेन काढून बसला दिल्या, मग कारवाले उरलेल्या लेनमध्ये अडकले आणि बोंब झाली. इथे कोणाचीच लेन जात नाही काका. उलट रेल्वेची जागा म्हणजे आयतीच, वळणं मोठी, चढ जवळपास नाहीच कारण रेल्वेला चढ झेपत नाही. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ अशाच जुन्या लाइनवर २०११ पासून बस चालू आहे, दोन्ही बाजूंना काँक्रीटचे कठडे आणि बसच्या पुढच्या चाकांजवळ छोटी आडवी चाकं, ती कठड्याला टेकून जातात, त्या पट्ट्यात ड्रायव्हरला स्टिअरिंग वळवावंच लागत नाही. शेजारून सायकल ट्रॅक पण आहे.

ए-१०३: भारी! मग रुळांवरच डांबर टाकायचं का?

डी-५०४: नाही हो, रूळ, स्लीपर, खडी सगळं काढावं लागतं. माझं रस्त्यांचंच काम आहे म्हणून थोडं लांबलचक लिहितो. मागे सिंगल लाइन आहे. दोन बस समोरासमोर जायच्या तर सात मीटर तरी रस्ता हवा, त्यात साइडपट्ट्या आणि गटार वेगळं. सिंगल लाइनच्या भरावाचा माथा एवढा रुंद नसतो, म्हणजे भराव वाढवणार, तो आपल्या भिंतीकडे वाढणार की पलीकडे हे आधी विचारा. आणि ओढ्यावरचा लोखंडी पूल, त्यावरून एका वेळी एकच बस जाईल. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या केसेन्नुमा आणि ओफुनातो लाइनवर रूळ काढून बसरस्ता केला, तो बराचसा एकेरीच आहे, मधे मधे बगल द्यायला जागा आणि सिग्नल. पण तिकडे बस कमी असतात. आपल्या आराखड्यात गर्दीच्या वेळी दर तीन मिनिटांनी बस दाखवलीये आणि पूल मात्र जुनाच ठेवलाय. हे जमायचं नाही, एक बस रखडली की मागे रांग.

बी-३०१: आज पाणी सातला की आठला?

सेक्रेटरी: ताई विषयावर. आठला.

ए-३०१: माझी मुलं फाटकाजवळून सायकलने जातात. तिथे काय करणार ते कोणी वाचलं का? ट्रेनला लोक घाबरून थांबायचे, बसला कोण थांबतंय

डी-५०४: ताई अगदी नेमकं बोललात, खरी मारामारी तिथेच आहे. लॉस एंजेलिसला ऑरेंज लाइन अशीच जुन्या रेल्वेच्या जागेवर २००५ मध्ये सुरू झाली आणि सुरुवातीलाच क्रॉसिंगवर सिग्नल तोडून आलेल्या गाड्या बसला धडकल्या. मग बसने प्रत्येक क्रॉसिंगला स्पीड कमी करायचा असा नियम झाला. आता वेगासाठी वेगळा रस्ता केला आणि चौकाचौकात ब्रेक, काय उपयोग? पत्रात पहिली ओळ हीच टाका, फाटकावर खरं फाटक हवं, नुसता सिग्नल नको.

बी-४०२: आणि त्या पट्ट्यात जमिनीवरून रेल्वे नको म्हणून तिथल्या रहिवाशांनी एवढा जोर लावला की १९९१ मध्ये तसा कायदाच झाला, म्हणून तर बस आली

सी-२०१: बघा! रहिवाशांनी मनावर घेतलं की होतं.

बी-४०२: हो काका पण पुढे तो कायदा २०१४ ला रद्द झाला आणि आता तिथे पुढेमागे बसच्या जागी रेल्वे करायची योजना आहे

ए-१०३: पीडीएफ उघडली. स्टॉप जुन्या सिग्नलच्या खांबापाशी आहे, माझ्या बाल्कनीतून दिसतो तो खांब! आत्ता मुद्दाम मेन गेटमधून फिरून चालत जाऊन आलो, अठरा मिनिटं लागली जायला. भिंतीत गेट असतं तर दोन मिनिटं.

ए-३०१: मग बसचा उपयोग काय, अठरा मिनिटं चालण्यापेक्षा लोक स्कूटरच काढणार

सी-२०१: भिंत फोडायची? उद्या कोणीही आत येईल. वॉचमन एकच आहे आणि तो रात्री कुठे असतो सगळ्यांना माहितीये.

सेक्रेटरी: कार्डवर उघडणारं छोटं गेट करता येईल, मीटिंगमध्ये ठरवू. पत्रात तीन मुद्दे घेतो, फाटक, पूल, आणि भिंतीपासून स्टॉपपर्यंत पायवाट. काका तुमचा विरोध वेगळा लिहितो.

सी-२०१: लिहा. आणि गेट करणारच असाल तर सी विंगच्या मागे करा, माझ्या गुडघ्यांना लांबचं चालणं होत नाही.