ओव्हन्स अँड मरे लीग: गावाकडे मोठे खेळाडू काहून गेले?

धरमपेठकर: ऑस्ट्रेलियन फुटबॉलची ही प्रादेशिक लीग 1893 पासूनची. मेलबर्नचे नावाजलेले खेळाडू भर उमेदीत तिथं गेलेले दिसतात. काहून? आणि जुन्या धावफलकावरचं 14.10 (94) काय असतं?

स्कोअरवही: आकडे आधी. 14 गोल, प्रत्येकी 6, म्हणजे 84. पुढचे 10 'बिहाइंड', म्हणजे थोडक्यात हुकलेले गोल, एकेका गुणाचे. चार खांबांपैकी मधल्या दोघांतून लाथेने मारलेला चेंडू कुणालाही न लागता गेला तर गोल. मधल्या खांबाला नुसता घासला तरी बिहाइंड. गल्लत इथं होते भाऊ, 14.10 ला लोक दशांश समजतात. समोरच्या संघाचे 13.17 म्हणजे 95, म्हणजे जिंकला तो समोरचाच!

महालचा वाचक: कारण पैसा. मेलबर्नच्या व्हीएफएलने (व्हिक्टोरियन फुटबॉल लीग) 1930 मध्ये 'कुल्टर लॉ' आणला, खेळाडूला सामन्याला जास्तीत जास्त 3 पौंड. गावच्या क्लबांना हा नियम लागू नव्हता. ते खेळाडू-प्रशिक्षक म्हणून जास्त देत, वर कामधंदाही लावून देत. मेलबर्नच्या कॉलिंगवुड क्लबचा बॉब रोझ 1956 मध्ये वँगरॅटा रोव्हर्सकडे गेला, 1958 आणि 1960 ची अजिंक्यपदं आली. कुल्टर लॉ खेळाडूंच्या पोटावरच पाय होता, असं माझं मत.

स्कोअरवही: नकाशाही पाहा. मरे नदीच्या उत्तरेला ऑल्बरी न्यू साउथ वेल्समध्ये, दक्षिणेला वोडोंगा व्हिक्टोरियात, लीग मात्र एकच. म्हणून राज्यवार याद्यांत शोधलं तर काही क्लब सापडतच नाहीत.

धरमपेठकर: बरोबर, मी फक्त व्हिक्टोरियाची यादी चाळत होतो.